हँडल मधोमध अडकतंय, नुसतं ग्रीस मारून भागेल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा समजलो: 125 सीसीची गाडी, 38 हजार किलोमीटर झालेत, गुहागर-चिपळूण रोजचं येणं-जाणं. हँडल सरळ असताना खाचेत बसल्यासारखं अडकतं, पुढचा ब्रेक दाबला की कुठूनतरी टक असा आवाज येतो, गॅरेजवाला म्हणतोय कोनसेट, म्हणजे हँडल ज्या बेअरिंगवर फिरतं ते, बदलावा लागेल आणि तुम्हाला वाटतंय की ग्रीस सुकलं असेल, नवीन मारलं की काम होईल. वर परत विचारलंय की कोणतं ग्रीस चांगलं आणि काही न खोलता आत मारता येईल का.

आधी शेवटचं सांगून टाकतो, न खोलता मारता येत नाही. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांना तिथे ग्रीस निप्पल नसतं. काही जण चॅसिसच्या पुढच्या पाइपला भोक पाडून निप्पल बसवून देतात, ते मात्र अजिबात करू नका. गाडीचा सगळ्यात जास्त ताण घेणारा पाइप आहे तो, त्याला भोक पाडायचं आणि वर ते ग्रीस पाइपच्या पोकळीतच जमा होत राहतं, कोनपर्यंत पोचेलच असं नाही. आणि वायसरच्या फटीतून स्प्रेची नळी घालून फवारा मारणारे पण आहेत, त्याने उरलंसुरलं ग्रीस धुऊन निघतं, दोन दिवस हँडल हलकं लागतं आणि पाऊस आला की सरळ गंज.

आता मुख्य मुद्दा. तुम्ही ग्रीसबद्दल विचारताय पण तुमचा खरा प्रश्न हा आहे की कप आणि कोनमध्ये, म्हणजे कोनसेटमधले छर्रे ज्या दोन लोखंडी कड्यांच्या मधे बसतात त्यांच्यात, खड्डे पडलेत की नाही. ग्रीस सुकलेलं असेल तर हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळीकडे सारखंच जड लागतं. फक्त मधोमध, सरळ असतानाच अडकत असेल, तर तो ग्रीसचा आजार नाही, लोखंड खाल्लं गेलंय. आणि खाल्लेलं लोखंड ग्रीसने भरून येत नाही, मग ते ग्रीस 80 रुपयांचं असो नाहीतर 800 चं.

हे मधेच का होतं ते समजून घ्या म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. गाडी चालवताना हँडल खरं तर फार वळतच नाही, सरळ रस्त्यावर एक-दोन अंश इकडे, एक-दोन अंश तिकडे, बस. त्यामुळे आतले छर्रे पूर्ण गोल फिरतच नाहीत, त्याच जागी उभे राहून थरथरत राहतात. छर्‍याखालचं ग्रीस बाजूला सरकतं, परत आत यायला त्याला संधीच मिळत नाही, मग लोखंडावर लोखंड घासतं आणि त्यात प्रत्येक खड्ड्याचा दणका नेमका त्याच जागी बसतो. बरेच दिवस असं चाललं की प्रत्येक छर्‍याने कपमध्ये स्वतःपुरती एक जागा कोरून घेतलेली असते, खोललं की ठरावीक अंतरावर सारखे बारीक खळगे दिसतात आणि कधी कधी त्यांच्याभोवती तांबूस पावडर असते. हँडल सरळ झालं की सगळे छर्रे एकदम आपापल्या खळग्यात उतरतात, तोच तो तुम्हाला लागणारा अडथळा. कोनसेट ढिला असेल तर हे अजून लवकर होतं कारण मग नुसती थरथर नाही, प्रत्येक दणक्याला हातोडी मारल्यासारखं होतं.

वरच्या कपापेक्षा खालचा नेहमी जास्त खराब निघतो. गाडीच्या पुढच्या भागाचं वजन त्याच्यावर, चाकाने उडवलेला चिखल त्याच्यावर, आणि वरून पाइपमध्ये उतरलेलं पाणी पण शेवटी तिथेच येऊन थांबतं. म्हणून कोणी वरचा नट काढून, वरच्या छर्‍यांना ग्रीस चोपडून, 'झालं सर्व्हिसिंग' म्हणत असेल तर ज्याला गरज होती तो खालचा कोन तसाच कोरडा राहिलेला असतो. हा प्रकार फार चालतो हो, कारण वरचं काम दहा मिनिटाचं आहे आणि खालच्यासाठी चाक, मडगार्ड, शॉकअप सगळं उतरवावं लागतं.

पण गॅरेजवाल्याने सांगितलं म्हणून लगेच पैसे काढू नका, आधी घरी तपासा. गाडी डबल स्टँडवर घ्या, मागच्या सीटवर कोणालातरी बसवा म्हणजे पुढचं चाक अधांतरी राहील. डबल स्टँड नसेल तर इंजिनखाली लाकडी ओंडका आणि जॅक, पण सायलेन्सरच्या पाइपखाली जॅक लावायचा नाही. आता हँडलला एका बोटाने हळूहळू डावीकडून उजवीकडे न्या. मधे येताना कट् करून बसतंय का, आणि बसल्यावर बाहेर काढायला बोटाला जोर लावावा लागतोय का ते बघा. चांगल्या कोनसेटचं हँडल मधे थांबत नाही, थोडं ढकललं की स्वतःच्या वजनाने एका बाजूला पडतं. इथे एक फसगत होते, क्लच केबल किंवा वायरिंगचा गुच्छ आखडलेला असला तरी हँडल मधेच कुठेतरी रेंगाळतं, पण ते रबर ओढल्यासारखं मऊ लागतं, खाच मात्र अगदी ठरलेल्या जागी आणि टणक लागते. शंका असेल तर केबल सोडून परत बघा.

मग समोर खाली बसा, दोन्ही शॉकअपचे खालचे टोक दोन हातात धरा आणि पुढे-मागे हलवा. दुसर्‍या माणसाला वरची टी, म्हणजे शॉकअपच्या नळ्या वर जिच्यात धरलेल्या असतात ती आडवी पट्टी, आणि चॅसिसचा पाइप जिथे मिळतात तिथे बोट ठेवायला सांगा. तिथे हालचाल जाणवली तर कोनसेट ढिला आहे. तिथे काही नाही पण शॉकअपची नळी आणि खालचा भाग यांच्यामधे हलतंय, तर शॉकअपचे बुश गेलेत, कोनसेटचा काही दोष नाही.

ब्रेक दाबल्यावरच्या टक आवाजाबद्दल सांगतो कारण यावरून खूप जणांचे कोनसेट उगाच बदलले जातात. बहुतेक लोक पुढचा ब्रेक दाबून गाडी पुढे-मागे झुलवतात आणि आवाज आला की कोनसेट गेला म्हणतात. डिस्क असेल तर कॅलिपरमधे पॅड थोडे हलतात, त्यांचा टक येतोच, नवीन गाडीलाही येतो. ड्रम असेल तर ब्रेक प्लेट जिथे शॉकअपच्या खाचेत अडकते तिथे झीज झाली की अगदी कोनसेटसारखाच आवाज येतो, फरक कळत नाही. म्हणून वरची शॉकअप धरून हलवायची परीक्षा ब्रेक न दाबता करायची. आणि चाकाचं बेअरिंग पण बघून घ्या, चाक वर आणि खाली धरून आडवं हलवलं की कळतं.

म्हणजे आत्तापर्यंतचं असं झालं: मधे टणक खाच लागतेय तर कप, कोन आणि छर्रे बदला. खाच नाही, नुसता ढिला आहे तर आवळून बघा. खाच नाही, ढिला पण नाही, सगळीकडे सारखा जड आहे तर खोलून धुऊन ग्रीस, आणि हा एकच प्रकार आहे जिथे ग्रीसने काम भागतं. तुमच्या वर्णनावरून मला खाच आणि ढिलेपणा दोन्ही वाटतंय, पण गाडी समोर नाही, त्यामुळे परीक्षा करून मगच ठरवा.

हँडल थरथरतं म्हणून कोनसेट बदलायला येणारे पण खूप. वेग कमी होत असताना, साधारण चाळीसच्या आसपास, हात सैल सोडला की हँडल फडफडतं, याला ढिला कोनसेट कारण असू शकतो, पण झिजलेला पुढचा टायर, कमी हवा, वाकडी रिम आणि मागे दुधाचे कॅन बांधून पुढचा भाग हलका झालेला, ही कारणं आधी बघायची. कोन आवळून फडफड दाबली गेली तरी मूळ कारण तिथेच राहतं.

आता खोलायचं ठरलं तर. घरी होतं का? हातात पाने धरायची सवय असेल तर होतं, पण एक पूर्ण दिवस ठेवा आणि दुसर्‍या दिवशी गाडीची गरज नसेल असा दिवस निवडा. पेट्रोलची टाकी आधी काढून बाजूला ठेवा, हँडल मागे सोडलं की टाकीवर ओरखडा हमखास पडतो. कॅलिपर काढलात तर तारेने बांधून टांगा, ब्रेकच्या नळीवर लोंबकळत सोडू नका. खालची टी खाली घेताना छर्रे सुटे असतील तर टपाटप पडतात, खाली जुनी चादर किंवा मोठी परात ठेवा. आणि पडायच्या आत वरचे किती, खालचे किती ते मोजून लिहून ठेवा, वरचे-खालचे सारखेच असतील असं धरून चालू नका. जुन्या बुलेटला वर 19 आणि खाली 19, पाव इंची म्हणजे 6.35 मिलिमीटरचे छर्रे असतात, पण प्रत्येक गाडीचं वेगळं. पाहिजे तर आपल्या गाडीच्या पार्ट्स कॅटलॉगमधे बघा. मोजायचं राहिलंच तर कप भरून छर्रे लावा, शेवटी जेमतेम एका छर्‍याएवढी किंवा त्याहून कमी फट राहिली पाहिजे. ठासून भरायचे नाहीत.

सगळं रॉकेलमधे धुवा, फडक्याने पुसा, पूर्ण सुकू द्या. रॉकेल ओलं असताना वरून ग्रीस लावलं तर ते पातळ होऊन वाहून जातं. मग कप उजेडात धरून बॉलपेनचं टोक त्याच्या वाटेवरून, म्हणजे छर्रे टेकतात त्या गोल पट्टीवरून, फिरवा. डोळ्याला न दिसणारा खळगा पण टोकाला लागतो. नुसती चकाकती पट्टी दिसली, टोक कुठे अडखळलं नाही, तर तो कप अजून चालेल, धुऊन ग्रीस लावून परत बसवा, उगाच बदलू नका. एकाही ठिकाणी टोक अडखळलं तर पूर्ण सेट बदला, वरचा-खालचा दोन्ही, छर्‍यांसकट. जुने छर्रे नव्या कपमधे वापरायचे नाहीत. कम्युटर गाडीचा पूर्ण सेट काही शे रुपयात येतो, जास्त पैसे मजुरीचे असतात, त्यामुळे सेटमधे वाचवण्यात काही अर्थ नाही. आणखी एक जुगाड चालतो, कप काढून थोडा फिरवून परत ठोकायचा म्हणजे खळगे मधल्या जागेवरून बाजूला जातात. काही दिवस चालतं खरं, गाडी विकायची असेल तेव्हा लोक करतात, त्यापलीकडे त्याचा उपयोग नाही.

जुना कप काढताना पाइपच्या विरुद्ध बाजूने लांब सळई घालून, एकदा या कडेला एकदा त्या कडेला, थोडं थोडं ठोकत काढायचा. एकाच बाजूला हाणलं तर तो तिरका होऊन पाइपची आतली भिंत खरवडतो. नवीन बसवताना जुनाच कप उलटा वर ठेवून त्यावर हातोडी मारा म्हणजे नव्याच्या वाटेला मार लागत नाही. कप पूर्ण बसला की हातोडीचा आवाज बदलतो, भद्द येत असतो तो एकदम खणखणीत येतो, तिथे थांबा. खालचा कोन टीच्या दांड्यावरून निघायला हट्टी असतो, दोन बाजूंनी छिन्नी घालून हळूहळू उचलावा लागतो. नवीन कोन गरम तेलात साधारण शंभर अंशापर्यंत तापवला आणि दांडा थंड असला की जवळजवळ हातानेच बसतो. गॅसच्या फ्लेमने तापवू नका, कोनचं कडकपण जातं आणि मग वर्षभरात परत खळगे. कोनखालचं धूळ अडवणारं रबर नवीनच टाका. स्वस्तातल्या सेटमधे कधी कधी ते येतच नाही आणि लोक तसंच जोडतात, मग पुढच्या पावसाळ्यात चिखल सरळ आत.

ग्रीसबद्दल आता. लोक इथेच सगळ्यात जास्त डोकं लावतात आणि खरं तर इथे सगळ्यात कमी लावायची गरज आहे. स्टीअरिंगच्या कोनला गरमी होत नाही, तो वेगाने फिरत पण नाही. त्यामुळे डब्यावर 'हाय टेंपरेचर' लिहिलंय म्हणून जादा पैसे देणं म्हणजे वाया. इथे शत्रू पाणी आहे. लिथियमवालं साधं एपी थ्री, जे कुठल्याही स्पेअर पार्टच्या दुकानात मिळतं, ते घट्ट असतं, जागेवर टिकतं आणि या कामाला पुरतं. किनार्‍याजवळ राहता, खारी हवा आणि चार महिने धो धो, तर थोडे पैसे जास्त टाकून पाण्याला टिकणारं कॅल्शियम सल्फोनेट ग्रीस मिळालं तर घ्या, तो खर्च मी योग्य मानतो. ग्रॅफाइट किंवा मॉली मिसळलेल्या ग्रीसची इथे गरज नाही. रंगावरून काही ठरवू नका, लाल-निळा-पिवळा हा कंपनीचा रंग असतो, गुण नाही. दोन वेगळ्या जातीची ग्रीस एकत्र झाली की काही वेळा पातळ होऊन गळतात, म्हणून जुनं पूर्ण पुसून मगच नवीन.

लावताना कपच्या वाटेत जाडसर थर द्या, छर्रे त्यात रोवून बसवा, ते ग्रीसमुळे चिकटून राहतात, वरून परत एक थर. कपच्या बाहेरच्या कडेलाही ग्रीसची रिंग करून ठेवा, ती पाणी अडवते. दांड्याला आणि पाइपच्या आतून बोटाने पातळ थर फिरवा, गंज लागणार नाही. पण पूर्ण पाइप ग्रीसने भरायचा नाही, त्याचा उपयोग काही नाही, उन्हात पातळ होऊन खाली ओघळ येतात आणि एखादा थेंब डिस्कवर पडला तर ब्रेक गेला. गाडीला टेपर रोलर बेअरिंग, म्हणजे गोल गोळ्यांऐवजी निमुळत्या रोलरचं बेअरिंग, असेल तर वरून चोपडून चालत नाही, तळहातावर ग्रीसचा गोळा घ्यायचा आणि बेअरिंगची रुंद बाजू त्यात दाबत दाबत दुसर्‍या बाजूने ग्रीस बाहेर येईपर्यंत भरायचं, सगळीकडून.

छर्‍यांच्या जागी टेपर टाकू का असं बरेच जण विचारतात. टेपरचा टेकायचा भाग मोठा असतो त्यामुळे खळगे उशिरा पडतात हे खरं. पण त्याची उंची मूळ सेटएवढीच पाहिजे, थोडी जरी जास्त झाली तर वरच्या नटाला आटे कमी पडतात. 125 च्या गाडीला मी सांगणार नाही. मोठ्या जड गाडीला, खराब रस्त्यावर भरपूर चालत असेल तर विचार करा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आवळणं. चांगला सेट, चांगलं ग्रीस, आणि चुकीचं आवळलं तर चार-सहा महिन्यात परत तेच. आधी सी-पान्याने, म्हणजे नटाच्या खाचेत अडकवायच्या सी आकाराच्या पान्याने, नट बर्‍यापैकी घट्ट करा म्हणजे छर्रे आणि कप एकमेकात नीट बसतात. मग हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत चार-पाच वेळा पूर्ण फिरवा. मग नट सैल सोडा आणि आता हलक्या हाताने परत आवळा, फक्त ढिलेपणा जाईपर्यंत. वरची टी बसवून मधला मोठा नट घट्ट कराल तेव्हा टी खाली दाबली जाते आणि तुमचं आत्ताचं सेटिंग अजून थोडं घट्ट होतं, हे हमखास होणार हे धरूनच खालचा नट किंचित कमी ठेवायचा. मोठा नट आवळताना शॉकअपचे क्लँप बोल्ट सैलच असले पाहिजेत, नाहीतर नळ्या टीला धरून ठेवतात, ती खाली बसतच नाही आणि तुम्हाला वाटतं झालं, मग दोन खड्ड्यात ढिलं. मोठा नट आधी, क्लँप नंतर, हा क्रम. आणि सगळं घट्ट झाल्यावरच परत तपासायचं, आधी तपासलेलं धरायचं नाही.

किती घट्ट हे हाताला कळायला वेळ लागतो, पण मोजायची सोपी रीत आहे. बॅग तोलायचा स्प्रिंगचा काटा घ्या, चाक अधांतरी ठेवा, केबल मोकळ्या सोडा, काटा हँडलच्या मुठीच्या टोकाला अडकवून हँडलला काटकोनात ओढा आणि हँडल हलायला लागतं तेव्हा काय दाखवतोय ते बघा. सुझुकीच्या कित्येक मॅन्युअलमधे यासाठी 200 ते 500 ग्रॅम असा आकडा दिलेला असतो. तुमच्या गाडीचं मॅन्युअल वेगळं सांगत असेल तर ते धरा, पण अंदाज यायला हा आकडा चांगला. जास्त आवळलेली गाडी लगेच कळते, कमी वेगात ती सरळ जातच नाही, इकडून तिकडे लहरत राहते आणि तुम्ही सतत हँडल दुरुस्त करत बसता. खूप लोकांना वाटतं घट्ट म्हणजे मजबूत, पण घट्ट कोनसेट छर्‍याला कपमधे दाबून खळगा लवकर पाडतो.

नवीन सेट टाकल्यावर पाचशे-हजार किलोमीटरने एकदा परत तपासा, कप थोडे बसतात आणि ढिलेपणा येतो, बहुतेक वेळा नट जरासा आवळला की झालं. त्यानंतर दर सर्व्हिसिंगला बोटाने हँडल फिरवून बघायचं, आणि तुमच्या भागात दरवर्षी पाऊस संपला की एकदा खोलून ग्रीस केलं तर चांगलंच, नाहीतर निदान दोन पावसाळ्यांनी. आणि वॉशिंग सेंटरवाल्याला प्रेशरचा फवारा हँडलच्या खाली टीवर मारू देऊ नका, रबराच्या फटीतून पाणी आत ढकललं जातं आणि परत बाहेर यायला त्याला वाट नसते.

गॅरेजमधे करून घेणार असाल तर तीन गोष्टी आधीच बोलून घ्या. खालचा कोन पण बदलायचा, नुसते कप आणि छर्रे नाही. जुने सगळे पार्ट धुऊन परत द्यायचे, म्हणजे बॉलपेन फिरवून खळगे होते की नव्हते ते तुम्हालाच कळेल. आणि पैसे द्यायच्या आधी तिथेच स्टँडवर लावून हँडल एका बोटाने फिरवून बघायचं, मग एक चक्कर मारून यायचं, हळू चालवताना गाडी लहरली तर तिथल्या तिथे नट सैल करून घ्यायचा, 'चालवली की होईल मोकळी' असं कोणी म्हटलं तरी.